पात्राचे अश्रू : मार्गारेट ओ'ब्रायन आणि बालअभिनयाच्या नीतीचा प्रश्न

१

अभिनयाच्या स्वरूपाविषयी तात्त्विक चर्चा करताना ‘नट’ या शब्दाने आपल्यासमोर प्रौढ माणूसच उभा राहतो. आपण साकारतो ते दुःख आपले नाही, हे त्याला कळते. प्रयोग संपला की तो घरी जातो, मोबदला घेतो आणि दुसऱ्या दिवशी नको वाटले तर भूमिका नाकारतोही. भरतापासून दिदरोपर्यंत आणि स्तानिस्लाव्हस्कीपासून ब्रेख्तपर्यंत अभिनयाची जी शास्त्रे रचली गेली, ती या गृहीतकावर उभी आहेत. नट सहा-सात वर्षांचा असेल तर या शास्त्रांचे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे. त्याचे उत्तर देऊ गेल्यास अभिनयाच्या सौंदर्यशास्त्राबरोबर त्याच्या नीतिशास्त्राचाही विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात असा विचार एका बालनटीच्या कारकिर्दीच्या आधारे करावयाचा आहे. ही बालनटी म्हणजे मार्गारेट ओ'ब्रायन.

तिचा जन्म १५ जानेवारी १९३७ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगो येथे झाला. मूळ नाव अँजेला मॅक्सीन ओ'ब्रायन. आई नर्तकी होती. वडील सर्कशीत कसरतीचे काम करीत आणि मुलीच्या जन्मापूर्वीच ते वारले. १९४२ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेच्या ‘जर्नी फॉर मार्गारेट’ या चित्रपटात तिने लंडनवरील बाँबहल्ल्यात पोरक्या झालेल्या मुलीची भूमिका केली. या भूमिकेचे नाव मार्गारेट होते आणि पुढे तेच त्या मुलीचेही नाव झाले. भूमिकेतून बाहेर येताना नटाने स्वतःच्या नावाकडे परतावे, ही नाट्यव्यवहारातली साधी अट या मुलीच्या बाबतीत कारकिर्दीच्या आरंभीच मोडली. त्यानंतर ‘लॉस्ट एंजल’ (१९४३), ‘द कँटरव्हिल घोस्ट’ (१९४४), ‘म्युझिक फॉर मिलियन्स’ (१९४४), ‘अवर व्हाइन्स हॅव टेंडर ग्रेप्स’ (१९४५) असे चित्रपट झाले. १९४४ मधल्या कामगिरीबद्दल अकॅडमीने तिला बालकलाकारांसाठीचे विशेष पारितोषिक दिले. १९४९ साली ‘लिटल विमेन’मधील बेथ आणि ‘द सिक्रेट गार्डन’मधील मेरी या भूमिका झाल्या. बालपण संपत आले तसे या कारकिर्दीचे तेजही ओसरत गेले. पुढे ती रंगभूमीवर आणि दूरचित्रवाणीवर काम करीत राहिली, परंतु ज्या मार्गारेट ओ'ब्रायनला जग ओळखत होते तिचे आयुष्य जेमतेम आठ-नऊ वर्षांचे होते.

हा सारा तपशील चरित्रकोशात मिळतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने यांतील एकच प्रसंग महत्त्वाचा आहे. तो ‘मीट मी इन सेंट लुईस’ या १९४४ च्या चित्रपटातला आहे.

२

व्हिन्सेंट मिनेली यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट सॅली बेन्सन यांच्या कथांवर आधारलेला आहे. सेंट लुईस शहरात १९०४ चे जागतिक प्रदर्शन भरण्यापूर्वीचे एक वर्ष त्यात आले आहे. स्मिथ कुटुंबातील वडिलांना नोकरीनिमित्त न्यूयॉर्कला जावयाचे आहे, त्यामुळे सर्वांनाच घर सोडावे लागणार आहे. धाकटी मुलगी टूटी ही मार्गारेट ओ'ब्रायनची भूमिका. नाताळच्या आदल्या रात्री थोरली बहीण (ही भूमिका ज्युडी गार्लंड यांनी केली) तिची समजूत घालण्यासाठी एक गाणे म्हणते. गाणे संपता संपता टूटी रात्रीच्या कपड्यांतच खाली धावत जाते आणि अंगणात उभारलेली बर्फाची माणसे काठीने फोडू लागते. ती आपल्याबरोबर नेता येणार नाहीत, मग दुसऱ्या कोणाला तरी ती का मिळावीत, असे तिचे म्हणणे असते. हुंदके देत, आकांत करीत ती एकेक बाहुले पाडत जाते. वरच्या खिडकीतून वडील हे पाहत असतात. त्यानंतर ते सगळ्यांना एकत्र बोलावतात आणि न्यूयॉर्कला जाण्याचा बेत रद्द झाल्याचे सांगतात.

एका लहान मुलीचे रडणे येथे कथानकाची दिशाच बदलते, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यापूर्वी प्रौढांनी केलेली कोणतीही तक्रार वडिलांपर्यंत पोहोचलेली नाही. पोहोचतात ते फक्त अश्रू, आणि तेही संवादाच्या रूपाने नव्हे तर दृश्याच्या रूपाने. वडील खिडकीच्या चौकटीतून पाहतात, म्हणजे ते या प्रसंगाचे प्रेक्षक आहेत. त्यांच्या ठिकाणी करुणा जागी होते आणि तिचे पर्यवसान कृतीत होते. मुलीच्या दुःखाचे कारण आपण आहोत हे त्यांना कळते आणि ते कारण ते दूर करतात.

आता हे अश्रू आले कसे, याकडे वळू. याविषयी दोन साक्षी उपलब्ध आहेत आणि त्या परस्परविरोधी आहेत. पहिली मिनेली यांची. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ते सांगतात की मुलीच्या आईच्याच सूचनेवरून त्यांनी तिला तिच्या लाडक्या कुत्र्याला कोणीतरी मारून टाकणार असल्याची गोष्ट रंगवून सांगितली. मुलगी रडू लागली, दृश्य एका झटक्यात चित्रित झाले, आणि ती उड्या मारीत निघून गेली. स्वतः मिनेली मात्र आपण काहीतरी राक्षसी केल्याची भावना घेऊन घरी गेले. दुसरी साक्ष मार्गारेट ओ'ब्रायन यांची. मोठेपणी दिलेल्या मुलाखतींतून त्यांनी ही हकीकत नाकारली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे कुत्र्याची गोष्ट घडलीच नाही. त्याच चित्रसंस्थेत जून ॲलिसन ही दुसरी अभिनेत्री खरे अश्रू ढाळण्याबद्दल प्रसिद्ध होती. रडणे जमेनासे झाले की आई शांतपणे म्हणे, हरकत नाही, रंगभूषाकाराला सांगून खोटे अश्रू लावून घेऊ; जून मात्र खरे अश्रू आणते. एवढे पुरेसे होई.

कोणती साक्ष खरी, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. दोन्ही साक्षींनी जे प्रश्न उभे राहतात ते आपल्यासमोर आहेत. पहिलीत मुलगी फसवली गेली आहे, तर दुसरीत तिला डिवचले गेले आहे. पहिलीनुसार तिने अभिनय केलाच नाही आणि दुसरीनुसार तिने फार मोठा अभिनय केला. दोन्हींत आई उपस्थित आहे. आणि दोन्हींत पडद्यावरचा अश्रू एकच आहे.

३

पडद्यावरचा अश्रू एकच असेल तर तो कसा आला याने फरक पडतो का? कलेच्या स्वायत्ततेचा पुरस्कार करणारा समीक्षक म्हणेल, पडत नाही. विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ साली लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही असे प्रतिपादन केले. त्याच न्यायाने निर्मितीप्रक्रियेतील घडामोडीही आस्वादाच्या बाहेरच्या ठरतात. मराठीत मर्ढेकरांपासून चालत आलेल्या सौंदर्यविचाराच्या एका धारेलाही हे मान्य होईल. परंतु अभिनयकला या नियमाला सहजासहजी बधत नाही. तिच्यात कलावंत आणि कलेचे द्रव्य वेगळे काढता येत नाहीत. शिल्पकाराने दगडावर कसे घाव घातले हा प्रश्न दगडाच्या दृष्टीने उद्भवत नाही, कारण दगडाला दृष्टीच नाही. नटाचे द्रव्य म्हणजे त्याचे शरीर आणि मन.

दिदरोने ‘नटविषयक विरोधाभास’ या संवादात (हा संवाद अठराव्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात लिहिला गेला आणि १८३० मध्ये प्रसिद्ध झाला) श्रेष्ठ नटाला भूमिकेतल्या भावनेचा स्पर्श होत नाही असे म्हटले. त्याच्या युक्तिवादाचा कणा पुनरावृत्ती हा आहे. जो नट खरोखर विव्हळ होतो तो पहिल्या रात्री प्रभावी ठरेल, पण तिसऱ्या रात्री थंड पडेल. रोज त्याच ठिकाणी, त्याच तीव्रतेने रडता यावयाचे तर निरीक्षण, स्मरण आणि संयम यांची गरज आहे. अश्रू डोळ्यांतून यावेत, पण ते बुद्धीने आणलेले असावेत.

नाट्यशास्त्राची भूमिका याहून सूक्ष्म आहे. भरताने अश्रूंची गणना स्तंभ, स्वेद, रोमांच यांच्याबरोबर आठ सात्त्विक भावांत केली. जो दुःखी नाही त्याने रडावे कसे, हा प्रश्न त्याने स्वतःच उपस्थित केला आहे. सत्त्व मनातून उपजते आणि मन समाहित झाल्याशिवाय अश्रू येत नाहीत, असे त्याचे उत्तर आहे. म्हणजे अश्रू ही केवळ बाह्य खूण नव्हे, तसेच लौकिक दुःखाचा परिणामही नव्हे. एकाग्र केलेल्या मनाने स्वेच्छेने केलेले ते कार्य आहे. दिदरो आणि भरत यांच्यात भेद असला तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे : अश्रू नटाच्या अधीन असले पाहिजेत. नट अश्रूंच्या अधीन झाला तर तो नट उरत नाही, रडणारा माणूस होतो.

रंगभूमीवर ही अट आपोआप पाळली जाते, कारण तेथे फसवणूक दुसऱ्या दिवशी चालत नाही. कुत्रा मेल्याची गोष्ट एकदाच सांगता येते. चित्रपटाने मात्र पुनरावृत्तीची गरजच नाहीशी केली. कॅमेऱ्यासमोर एकदा रडले की ते रडणे कायमचे साठवले जाते आणि यंत्र त्याची हवी तितकी पुनरावृत्ती करते. दिदरोच्या युक्तिवादाचा पायाच त्यामुळे काढून घेतला जातो. व्हॉल्टर बेंजामिनने हे फार लवकर ओळखले होते. यांत्रिक पुनर्निर्मितीच्या युगातील कलाकृतीविषयीच्या त्याच्या १९३६ च्या निबंधात एक उदाहरण आहे. दारावरील थाप ऐकून नटाने दचकावयाचे आहे, पण त्याचे दचकणे समाधानकारक होत नाही. मग दिग्दर्शक त्याला न सांगता एखाद्या दिवशी त्याच्या पाठीमागे गोळी झाडण्याची व्यवस्था करू शकतो. ते भय टिपून चित्रपटात जोडता येते. बेंजामिनला यातून कला सुंदर आभासाच्या प्रांतातून बाहेर पडल्याचे दिसले. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. कॅमेऱ्यामुळे नटाला त्याच्या संमतीशिवाय कच्चा माल म्हणून वापरणे प्रथमच शक्य झाले.

बेंजामिनचे उदाहरण काल्पनिक आहे असे समजण्याचे कारण नाही. ‘स्किपी’ या १९३१ च्या चित्रपटात जॅकी कूपर या मुलाला रडता येईना, तेव्हा दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग यांनी त्याच्या कुत्र्याला गोळी घालण्याचा देखावा केला. टॉरोग त्या मुलाच्या मावशीचे यजमान होते. मुलगा रडला, दृश्य मिळाले. टॉरोग यांना त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे अकॅडमी पारितोषिक मिळाले आणि नऊ वर्षांच्या कूपरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे नामांकन. पन्नास वर्षांनी, १९८१ साली, कूपर यांनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याच्या शीर्षकातच आपल्या कुत्र्याला मारू नका अशी विनवणी होती. पारितोषिक ज्याला ‘अभिनय’ म्हणत होते ते करणाऱ्याच्या स्मृतीत अभिनय म्हणून राहिलेले नव्हते.

४

यावरून बालनटाच्या अश्रूंचे तीन प्रकार कल्पिता येतात. पहिला वंचनेचा. यात मुलाला जे घडते आहे ते खरे वाटते. त्याच्या दृष्टीने नाटक अस्तित्वातच नाही. दुसरा प्रलोभनाचा. यात मुलाला नाटक आहे हे कळते, पण रडण्याची प्रेरणा नाटकातून न येता आईची मर्जी, प्रतिस्पर्ध्याचा हेवा, शिक्षेची भीती अशा नाटकाबाहेरच्या संबंधांतून येते. तिसरा कलेचा. यात मूल भूमिकेत शिरते, तिच्यातले दुःख कल्पनेने जाणते, रडते आणि बाहेर येते.

पहिल्या प्रकाराविषयी नैतिक निवाडा अवघड नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, साध्य म्हणूनही वागवावे, हा कांटचा १७८५ मधला आदेश येथे सरळ लागू पडतो. फसवला गेलेला माणूस ज्या हेतूसाठी वापरला जातो त्या हेतूत सहभागी होऊच शकत नाही. शर्ली टेंपल यांच्या आरंभीच्या अनुभवांतही याची उदाहरणे आहेत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्या सांगतात की ‘बेबी बर्लेस्क’ या लघुपटमालेच्या वेळी ऐकले नाही तर मुलांना बर्फाची लादी ठेवलेल्या काळ्या खोलीवजा पेटीत बसवले जाई. ‘लिटल मिस मार्कर’च्या (१९३४) वेळी रडू यावे म्हणून त्यांची आई पळवली गेल्याचे त्यांना खोटेच सांगण्यात आले. आईने यावर संताप व्यक्त केला. न फसवताही आपली मुलगी रडू शकते, अशी तिची तक्रार होती. या तक्रारीत मातृत्व किती आणि व्यवसायाचा अभिमान किती, हे वेगळे करणे कठीण आहे. आणि नेमक्या येथेच आपण दुसऱ्या प्रकारापाशी येतो.

मार्गारेट ओ'ब्रायन यांची स्वतःची साक्ष दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि खरी अडचण येथे आहे. कोणी म्हणेल, यात गैर काय? मुलीला काही खोटे सांगितलेले नाही. तिच्या कौशल्याला आव्हान दिले एवढेच. शाळेत, खेळात, संगीताच्या तालमीत हेच चालते. शिवाय ही साक्ष मुलीला कर्तेपण देते. मिनेली यांची हकीकत आपण अधिक आवडीने सांगतो, कारण तीत मुलीची दया येते आणि दिग्दर्शकावर रागावता येते. पण दया करताना आपण तिचे नटीपण हिरावून घेतो. आपण रडवल्या गेलो नाही, रडलो, असे एक बाई आयुष्यभर सांगत असता तिच्यावर विश्वास न ठेवणे हाही एक प्रकारचा अन्याय आहे. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये तिच्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाई : अश्रू गालावरून पूर्ण ओघळू द्यावेत की अर्ध्यावर थांबवावेत, असे ती दिग्दर्शकाला विचारी. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातली मुलगी भरताच्या अर्थाने समाहित आहे आणि दिदरोने तिला आदर्श नट म्हटले असते.

तरीही प्रश्न संपत नाही. प्रौढ नटालाही दिग्दर्शक डिवचतो, हे खरे. परंतु प्रौढ नटाचे घर चित्रणस्थळाच्या बाहेर असते. बालनटीच्या बाबतीत घरच चित्रणस्थळावर आलेले असते. प्रतिस्पर्धिनीचे नाव घेऊन आव्हान देणारी व्यक्ती तिची आई असते आणि पालक, व्यवस्थापक, तालीममास्तर व मानधनाची पहिली हक्कदारही तीच असते. मुलीने रडण्यास नकार दिला तर तिने भूमिका नाकारली, असा त्याचा अर्थ होत नाही. तिने आईला निराश केले, असा होतो. नकार देण्यासाठी माणसाला उभे राहण्यास जी जागा लागते, ती जागाच तिला नसते. म्हणून प्रलोभनात असत्य नसले तरी स्वातंत्र्यही नसते. आणि स्वातंत्र्याच्या अभावी दिलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

मोठेपणी दिलेल्या संमतीने ही उणीव भरून निघते का? मार्गारेट ओ'ब्रायन यांनी आपल्या बालपणाविषयी कटुता व्यक्त केली नाही. शर्ली टेंपल घाना आणि चेकोस्लोव्हाकिया या देशांत अमेरिकेच्या राजदूत झाल्या आणि २०१४ साली प्रतिष्ठेचे दीर्घ आयुष्य संपवून गेल्या. त्यांच्या लेखनातही विनोद अधिक आणि तक्रार थोडी आहे. परंतु मागाहूनच्या संमतीत एक तार्किक अडचण आहे. संमती देणारी प्रौढ व्यक्ती ही त्या बालपणानेच घडवलेली असते. ज्या प्रक्रियेला ती मान्यता देते त्या प्रक्रियेचेच ती फलित आहे. म्हणून तिची साक्ष आदराने ऐकली पाहिजे आणि तिच्या सुखाविषयी ती अंतिमही मानली पाहिजे. पण जे करण्यात आले ते करण्याचा अधिकार कोणाला होता का, या प्रश्नाचे उत्तर त्या साक्षीत नाही.

५

समाजाने या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या भाषेत दिले. ते काय पाहते आणि काय पाहत नाही, हे उद्बोधक आहे. विव्हियाना झेलिझर यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील मूल आर्थिकदृष्ट्या निरुपयोगी आणि भावनिकदृष्ट्या अमूल्य कसे होत गेले, हे दाखवले आहे. गिरणीतून आणि खाणीतून मूल बाहेर आले ते या परिवर्तनामुळे. पण हॉलिवूडच्या बालनटाची किंमत या अमूल्यतेतूनच उत्पन्न होत होती. बाजाराबाहेर ठेवण्याजोगे निरागसपण हाच येथे बाजारात विकला जाणारा माल होता. १९३८ साली अमेरिकेच्या संघीय कायद्याने बालमजुरीवर निर्बंध घातले, तेव्हा चित्रपट आणि नाटकांतील बालनटांना त्यांतून वगळण्यात आले. अभिनय हे श्रम नव्हेत, तो खेळ आहे, अशी समजूत या सवलतीला पोषक होती. म्हणजे ज्या कामात मुलाचे मनच कामाला लावले जाते, तेच काम श्रमाच्या व्याख्येबाहेर राहिले.

दुसरा कायदा जॅकी कूगन यांच्या नावाने ओळखला जातो. चॅप्लिनच्या ‘द किड’मधील (१९२१) या मुलाने बालपणी तीस-चाळीस लाख डॉलर मिळवले. सज्ञान झाल्यावर त्यातले जवळजवळ काहीच उरले नसल्याचे त्याला कळले. १९३८ साली त्याने आई आणि सावत्र वडील यांच्याविरुद्ध दावा लावला. हाती आले सुमारे सव्वा लाख डॉलर. कॅलिफोर्नियाच्या तत्कालीन कायद्यानुसार अज्ञान मुलाची कमाई पालकांच्या मालकीची होती. १९३९ च्या कायद्याने कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा अधिकार न्यायालयाला दिला, तथापि त्यात अनेक पळवाटा होत्या. कमाई मुलाच्याच मालकीची आहे आणि तिचा पंधरा टक्के भाग राखून ठेवलाच पाहिजे, असे निःसंदिग्धपणे ठरण्यास २००० साल उजाडावे लागले. मधल्या काळात शर्ली टेंपल यांच्या सुमारे बत्तीस लाख डॉलरच्या कमाईपैकी केवळ चव्वेचाळीस हजार शिल्लक असल्याचे त्यांना आढळले होते. त्यांचे वयही चित्रसंस्थेने एका वर्षाने कमी केले होते. आपण तेरा वर्षांच्या आहोत, हे त्यांना स्वतःच्या ‘बाराव्या’ वाढदिवशी समजले.

या सर्व तरतुदी आवश्यकच होत्या. पण त्यांत हानीची कल्पना चोरीच्या नमुन्यावर बेतलेली आहे. पैसा चोरला, तो परत करावा. कामाचे तास चोरले, ते मर्यादित करावेत. शिक्षण चोरले, तर चित्रणस्थळीच शिक्षिका नेमावी. मुलाच्या भावनांवर त्याचाच अधिकार असावा, ही हानी या हिशेबात कोठे लिहिता येईल? शेतात राबणाऱ्या मुलाचे हात दुसऱ्याच्या मालकीचे होतात. हा अन्याय मोठाच आहे, पण संध्याकाळी येणारे रडू त्याचे स्वतःचे असते. बालनटाचे रडूच कामाला लावले जाते. आपल्याला खरोखर वाईट वाटते आहे की वाईट वाटणे अपेक्षित आहे, हा भेद ज्या वयात प्रथम आकार घेत असतो, त्याच वयात तो पुसण्याबद्दल त्याला शाबासकी मिळते. फिलिप आरिएस यांनी १९६० मध्ये बालपण ही इतिहासात घडलेली कल्पना असल्याचे मांडले. ती मांडणी वादग्रस्त असली, तरी हॉलिवूडमध्ये बालपण अक्षरशः निर्माण केले जात होते आणि ते निर्माण करणारी माणसे स्वतः बालपणाला मुकत होती, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

६

मग बालनटाने कधी अभिनय करूच नये, असा निष्कर्ष निघतो का? तो निघत नाही, कारण वर सांगितलेला तिसरा प्रकार अशक्य नाही. मुले खेळताना हेच करतात. भातुकलीत आजारी पडलेल्या बाहुलीसाठी मुलगी रडते, आणि जेवायला हाक आली की डोळे पुसून उठते. मिनेली यांच्या हकीकतीतला सर्वांत बोलका तपशील हाच आहे : दृश्य संपताच मुलगी उड्या मारीत निघून गेली. दिग्दर्शकाला ते आश्चर्याचे वाटले आणि अपराधभाव त्याच्याकडेच राहिला. फसवली गेलेली मुलगी अशी उड्या मारीत जाईल का? गेली असेल तर फसवणुकीच्या गोष्टीलाही तिने खेळ म्हणूनच स्वीकारले होते काय? ज्याने फसवले त्याच्यापेक्षा ती अधिक जाणती नटी होती काय? या शंकेला जागा आहे. तसे असेल तर ती स्वतःच्या बळावर वाचली. तिला वाचवण्याची कोणतीही व्यवस्था तेथे नव्हती.

नैतिक भेद म्हणूनच अश्रूंच्या खरेखोटेपणात शोधता येत नाही. तो परतीच्या वाटेत शोधला पाहिजे. ज्या खेळातून मूल आपल्या इच्छेने बाहेर पडू शकते, ज्यात ‘आता नाही’ म्हटल्याने कोणाचे प्रेम कमी होत नाही, तो अभिनय. ज्यातून बाहेर पडण्याची वाट मोठ्यांनी अडवलेली आहे, तो वापर, मग अश्रू कितीही कलात्मक असोत. ही कसोटी सौंदर्याची नाही, हे मान्य केले पाहिजे. पण ती सौंदर्याला अगदीच परकी आहे असेही नाही.

अभिनवगुप्ताने रस नटाच्या ठिकाणी मानला नाही. नटाला ‘पात्र’ का म्हणतात, याचा त्याने दिलेला अर्थ प्रसिद्ध आहे. मद्याचा आस्वाद भांड्याला नसतो. ते केवळ आस्वादाचे साधन असते. प्रौढ नटाच्या बाबतीत हे वर्णन त्याला मुक्त करते. तो दुःखाचे वहन करतो, पण त्याने स्वतः दुःखी होण्याची गरज नाही. बालनटाच्या बाबतीत मात्र हाच शब्द अस्वस्थ करणारा होतो. आपण पात्र आहोत हे पात्राला ठाऊक नसेल तर? आतले द्रव्य त्याचे स्वतःचेच असेल तर? अभिनवगुप्ताच्या मते करुणरस आस्वाद्य होतो, कारण तो कोणा एकाचा लौकिक शोक उरलेला नसतो. त्याचे साधारणीकरण झालेले असते. समोरचा शोक कोणा एका मुलाचा आहे, या क्षणी आणि या कारणाने झालेला आहे, असे कळले की साधारणीकरण खंडित होते. रसविघ्नांच्या परिभाषेत बोलावयाचे तर निर्मितीची हकीकत येथे आस्वादात विघ्न होऊन येते. ‘स्किपी’ पाहताना कूपरच्या कुत्र्याची आठवण झाली तर आपण रसिक राहत नाही, साक्षीदार होतो. स्वायत्ततावादी समीक्षक या आठवणीला बाहेरची म्हणेल. पण ज्या अश्रूवर दृश्याची सारी मदार आहे त्याच्या घटनेतच ती आठवण मुरलेली आहे.

‘मीट मी इन सेंट लुईस’मधील त्या प्रसंगाकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले की त्याचा एक वेगळाच अर्थ हाती लागतो. कथेच्या आत एक प्रौढ माणूस खिडकीतून मुलीचे रडणे पाहतो आणि ज्यामुळे ती रडते आहे ते थांबवतो. कथेच्या बाहेर, त्याच मुलीसमोर, काही प्रौढ माणसे उभी आहेत. ती रडावी म्हणून त्यांनी काहीतरी केले आहे आणि तिचे रडणे थांबू नये अशी त्यांची इच्छा आहे. कथेतली करुणा कृतीला प्रवृत्त करते. चित्रणस्थळावरची करुणा, असलीच तर, दृश्य पूर्ण होईपर्यंत वाट पाहते. एकाच अश्रूचे हे दोन प्रेक्षक आहेत. चित्रपट आपल्याला पहिल्या प्रेक्षकाशी तादात्म्य पावावयास लावतो. आपल्याला वाटते, आपणही त्या वडिलांसारखेच आहोत, मुलांच्या दुःखाने विरघळणारे आहोत. परंतु ज्या अश्रूंनी आपण विरघळतो ते मिळवण्याचा खर्च आपल्या तिकिटातूनच भागवला गेला आहे. आपण दुसऱ्या प्रेक्षकाचेही भागीदार आहोत.

याचा अर्थ हा चित्रपट पाहू नये असा नाही. तो थोर चित्रपट आहे, आणि त्यातली टूटी ही अमेरिकन चित्रपटाने बालपणाविषयी केलेल्या सर्वांत प्रामाणिक विधानांपैकी एक आहे. ती गोंडस नाही. बाहुल्यांना ती पुरते, मृत्यूविषयी चवीने बोलते आणि प्रिय वस्तू दुसऱ्याला मिळू नये म्हणून मोडून टाकते. ते प्रामाणिकपण एका सात वर्षांच्या मुलीने आणले, मग ते फसवणुकीतून आलेले असो, ईर्षेतून असो की निव्वळ प्रतिभेतून. तिचे श्रेय तिला देणे आणि तिच्यावर कोणाचा अधिकार चालला हे विचारणे, ही दोन्ही कामे समीक्षेची आहेत. यांपैकी एकासाठी दुसरे सोडून देण्याची सोय समीक्षेला नाही.

मार्गारेट ओ'ब्रायन यांना मिळालेली छोटी ऑस्करमूर्ती पुढे घरातून चोरीला गेली. कित्येक वर्षांनी, १९९५ साली, ती एका जुन्या बाजारात सापडली आणि त्यांना परत मिळाली. चोरीच्या नमुन्यावर बेतलेल्या हानीची भरपाई अशी करता येते. नाव, वय आणि अश्रू यांच्या बाबतीत परत करण्याजोगी वस्तूच नसते. तेथे हानी भरून काढता येत नाही. ती होऊ न देणे एवढेच शक्य असते. आणि त्यासाठी लागणारी सावधता कायद्याच्या आधी प्रेक्षकात जागी व्हावी लागते.